बर्वे काकांचे ब्रेकलाइट

गाडी चालवणाऱ्याला स्वतःचे ब्रेकलाइट दिसत नाहीत. ते मागून येणाऱ्यासाठी असतात. त्यामुळे बल्ब उडाला तरी मालकाला पत्ता नसतो, तो आपला तसाच फिरत राहतो. मग कधीतरी मागचा कुणी हॉर्न वाजवतो, नाहीतर पोलीस थांबवतात, आणि ती गाडी आमच्याकडे येते. मागे उभं राहून दिवा लागला की नाही ते सांगायचं, हे माझं काम.

माझ्यासारखीला ते बरं होतं. मला चारचौघांत बोलता येत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी शेवटच्या खुर्चीवर बसते आणि पंगतीच्या आधी घरी निघून येते. या कामात दोनच शब्द लागायचे, ‘दाबा’ आणि ‘सोडा’. चिनी आणि मलाय गिऱ्हाइकांना ‘प्रेस’ आणि ‘ओके’. तेवढ्यात दिवस निघून जाई.

आमचं गॅरेज क्लेमेंटी या उपनगराच्या पलीकडे, कारखान्यांच्या एका मोठ्या इमारतीत तळमजल्यावर होतं. आमचे हे आधी जहाजाच्या कामावर इथं आले, मग एका चिनी मालकाच्या हाताखाली गाड्या शिकले आणि नंतर स्वतःचा गाळा घेतला. मी डबा घेऊन जायची आणि तिथंच बसायची. जुन्या गाड्यांमध्ये मागच्या बल्बपर्यंत हात घालायला डिकीच्या आतून एक लहानसं भोक असतं. ह्यांचा पंजा त्यात जात नसे, माझा जाई. अशी मी कामाला लागले. चौथी शिकलेल्या बाईला परदेशात दुसरं काय काम मिळणार, असं मला तेव्हा वाटायचं. पुढं वाटेनासं झालं.

काम सोपं आहे. डिकीतलं अस्तर बाजूला सारायचं, होल्डर फिरवून बाहेर ओढायचा, बल्ब दाबून वळवायचा की सुटतो. तो कानाशी धरून हलवायचा. आत बारीक खुळखुळ आली म्हणजे तार तुटली. काच आतून काळसर झाली असेल तर हलवायचीही गरज नाही. जुन्या गाड्यांच्या या बल्बमध्ये बहुतेक दोन तारा असतात, एक रात्रीच्या मंद दिव्याची आणि दुसरी ब्रेकची. ब्रेकची तार जाड असते, तिला जास्त तापावं लागतं. नवा बल्ब फडक्यात धरून बसवायचा. होल्डरला हिरवट गंज असेल तर घासून काढायचा, कारण इथल्या दमट हवेत पितळही टिकत नाही. एका बाजूचा गेला तर दुसऱ्याही बाजूचा बदलावा, त्यानंही तेवढीच नोकरी केलेली असते. हे सांगितलं की गिऱ्हाईक संशयानं बघतं. मग मी गप्प बसते आणि ते थोड्या दिवसांनी दुसऱ्या बाजूसाठी परत येतं.

दसऱ्याच्या आधी मराठी गाड्या फार यायच्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सेंगकांगहून एक जोडपं दरवर्षी येई. नवरा म्हणे, सगळं ठीक आहे, उगाच कशाला. बायको म्हणे, एक डोळा मिटलेल्या गाडीला मी ओवाळणार नाही. तो बिचारा ऑफिस सोडून माझ्यासमोर ब्रेक दाबत बसे. एकट्यानं राहणाऱ्यांना मी सांगायची की कारपार्कमध्ये गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा, भिंत लाल झाली पाहिजे. दोन्हीकडे सारखी. तरी पुष्कळजण त्यासाठी माझ्याकडेच यायचे. भिंत ‘हं’ म्हणत नाही, असं एक म्हातारा चिनी गृहस्थ म्हणाला होता.

बर्वे काका आणि काकू आमच्याकडे यायला लागले ते दोन हजार पंधराच्या आसपास. काका बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे पुण्याचे. क्लेमेंटीतल्या फ्लॅटमध्ये दोघंच राहायची. एक मुलगी, मधुरा, ती सेंगकांगला नवऱ्यामुलांबरोबर असायची आणि वन-नॉर्थ भागात नोकरीला जायची. इथं गाडी दहा वर्षांची झाली की लोक ती मोडीत काढतात. काकांनी पैसे भरून परवान्याची मुदत वाढवून ती ठेवून घेतली होती. काकूंचं डायलिसिस सुरू झालं होतं आणि एक दिवसाआड त्यांना सेंटरला न्यावं लागे. घराजवळच्या सेंटरमध्ये जागा मिळाली नव्हती, जे मिळालं ते लांब होतं. काका स्वतः नेत आणि स्वतः आणत. टॅक्सीचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे.

काका बोलायला तिखट. पहिल्याच खेपेला मला म्हणाले, “काय हो सुनंदाबाई, या बल्बला वॉरंटी आहे, की लावला आणि विसरला?” मी नुसती हसले. काकू आतून म्हणाल्या, “अहो, तिला काम करू दे. तुमच्याशी बोलायला लागली तर संध्याकाळ होईल.”

काकूंशी मात्र मी बोलायची. काका ह्यांच्याशी इंजिनावर वाद घालत असले की काकू प्लॅस्टिकच्या स्टुलावर येऊन बसत आणि मी हात पुसून त्यांच्या शेजारी. त्या मला जुने दिवाळी अंक आणून देत. मी हळूहळू वाचते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून एकच अंक पुष्कळ दिवस राहू देत. परत देताना परीक्षा घेत नसत, ‘कुठली गोष्ट आवडली’ एवढंच विचारत. त्यांना पाणी मोजून प्यावं लागे, तर त्या मला समोर बसवून चहा प्यायला लावत आणि बघत. म्हणत, “फुंकर मारून पी गं, मला आवाज तरी ऐकू दे.” इतक्या वर्षांत या देशात मला मैत्रीण म्हणावी अशी ती एकच बाई.

तर त्यांच्या गाडीचे बल्ब टिकत नव्हते.

एकदा बदलले की दुसऱ्या गाड्यांचे वर्षानुवर्षं टिकतात. यांचे काही आठवड्यांत जायचे, आणि नेहमी ब्रेकचीच तार. रात्रीची शाबूत. मी होल्डर बदलला. ह्यांनी वायरिंग तपासलं, बॅटरी तपासली, सगळं नीट. वेगळ्या कंपनीचे बल्ब आणून बघितले. काका म्हणाले, “चिनी माल वापरता, दुसरं काय.” काकू म्हणाल्या, “अहो, इथं सगळंच चिनी आहे, तुमचा डॉक्टरसुद्धा.” आम्ही हसलो. पण ह्यांनी चाकं काढून बघितली तेव्हा ब्रेकची पॅडं झिजून पातळ झालेली होती. ती बदलूनही फार दिवस झाले नव्हते. संध्याकाळी घरी जाताना हे म्हणाले, “म्हातारा पाय ब्रेकवरून काढतच नाही.” पाय ब्रेकवर असला की मागचा दिवा जळत राहतो. सतत जळणारी तार लवकर तुटते. बल्बचं कारण सापडलं होतं. पायाचं सापडलं नव्हतं.

ते एका दुपारी सापडलं. सेंटरवरून परत येताना गाडी आमच्याकडे आली, डावीकडचा ब्रेकलाइट बंद. काकू पुढच्या सीटवर झोपलेल्या होत्या, हाताला पट्टी. डायलिसिस झालं की माणूस पिळून टाकल्यासारखं होतं. मी आवाज न करता डिकी उघडली, बल्ब बसवला आणि मागे उभी राहून म्हटलं, “काका, दाबा.”

दिवा लागला नाही.

“दाबलाय,” काका म्हणाले.

मला वाटलं नवाच बल्ब खराब निघाला. तो काढून दुसरा घातला. दाबा म्हटलं. नाही लागला. मग माझ्या लक्षात आलं की उजवीकडचाही लागत नाही आणि मागच्या काचेतला वरचाही नाही. तिन्ही एकदम कसे जातील? मी पुढे जाऊन खिडकीतून बघितलं. काका दोन्ही हात चाकावर ठेवून ताठ बसले होते, नजर समोर. पाय खालच्या रबरी मॅटवर सपाट ठेवलेला. पेडल त्याच्या बाजूला होतं.

“काका, ब्रेक,” मी म्हटलं.

“किती वेळा सांगू? दाबलाय मी.”

आमच्या बोलण्यानं काकू हलल्या. डोळे उघडले नाहीत. झोपेतच म्हणाल्या, “अहो.”

काकांचा पाय उचलला गेला आणि पेडलवर जाऊन बसला. मागची पांढरी भिंत लाल झाली.

“लागला की नाही?” काका म्हणाले. “उगाच दोन बल्ब खर्ची घातलेत.”

मी गाडीच्या बाजूला तशीच उभी राहिले. आधीच्या सगळ्या खेपा मला आठवायला लागल्या. मी ‘दाबा’ म्हणायची, काकू आतून ‘अहो’ म्हणायच्या, आणि दिवा लागायचा. मला वाटायचं, बायको नवऱ्याला हाक मारतेय, मीही ह्यांना तशीच मारते, त्यात काय. दिवा माझ्या शब्दानं लागत नव्हता, हे मला मागे उभं राहून कधी दिसलं नाही.

काका हात धुवायला मागे गेले. काकू जाग्या झाल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “कळलं ना तुला?”

मी मान हलवली.

त्या सांगायला लागल्या. वर्षभर चाललं होतं. पाय आधीसारखा आपसूक जात नाही. रस्ता आठवतो, वळणं आठवतात, लाल दिवा दिसतोही, पण दिसणं आणि पाय उचलणं यांच्यामध्ये काहीतरी तुटलंय. काकूंनी ते पहिल्यांदा ओळखलं तेव्हा त्या घाबरून ‘ब्रेक दाबा’ म्हणाल्या. काका फार चिडले, तू मला गाडी शिकवणार का म्हणून. दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून काकू ब्रेक म्हणत नाहीत. सिग्नल आला की ‘अहो’ म्हणतात आणि पुढं काहीतरी जोडून देतात. अहो, त्या बाईची साडी बघा. अहो, आज ढग आलेत. काकांना वाटतं, ही गप्पा मारतेय. पाय आपलं काम करतो.

लायसन्ससाठीच्या डॉक्टरांच्या तपासणीत काका पास झाले होते. खुर्चीत बसून विचारलेलं सगळं त्यांना सांगता येत होतं.

“पण येताना तर तुम्ही झोपता,” मी म्हटलं.

काकूंनी हाताची पट्टी सारखी केली. मग म्हणाल्या, “जागं राहायचं ठरवते. राहवत नाही गं. मीच त्यांना सांगून ठेवलंय, मला धक्के बसतात, तर येताना पाय ब्रेकवरच ठेवा, हळूहळू चला. ते ठेवतात. माझ्यासाठी म्हटलं की ऐकतात.”

बल्ब त्यामुळे जळत होते. त्या झोपलेल्या असताना अख्खा रस्ता मागचे दिवे लाल.

मी म्हटलं टॅक्सी करा. त्या म्हणाल्या, “टॅक्सीत बसले की हे कोण? पेशंटबरोबर आलेले. आता निदान मला नेतात, आणतात. त्या दिवशी सकाळी उठून दाढी करतात. बाकीच्या दिवशी करत नाहीत.” मग माझा हात धरून म्हणाल्या, “मधुरा त्यांना दिवसभरासाठी म्हाताऱ्यांच्या कुठल्या सेंटरमध्ये बसवायचं म्हणते, आणि मला तिच्याकडे न्यायचं म्हणते. गाडी आहे तोवर आम्ही आमच्या घरात आहोत. तिला सांगू नकोस.”

तेवढ्यात काका आले. गाडी सुरू झाली, बाहेर वळली. मागचे तिन्ही दिवे छान लागत होते. वळल्यावरही ते विझले नाहीत.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “आपण गाडी दुरुस्त करतो. माणसाचं आपण काय करणार?” थोड्या वेळानं म्हणाले, पुढच्या वेळी पार्ट मिळत नाही म्हणून गाडी ठेवून घेऊ. पण किती दिवस ठेवून घेणार? आणि तो एक दिवसाआडचा प्रवास तर मध्ये होतच राहणार. त्यांच्या रस्त्यावर एक शाळा लागते. मी बसनं जाताना ती बघितलेली आहे. सुटायच्या वेळेला फाटकाबाहेर आज्या उभ्या असतात, मुलं पिशव्या ओढत रस्ता ओलांडतात. काकू त्या वेळेला झोपलेल्या असणार, हे मला माहीत होतं. आम्हा दोघांशिवाय आणि काकूंशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं.

ह्यांच्याकडे मधुराचा नंबर होता. एकदा गाडी आमच्याकडे राहिली तेव्हा तीच त्या दोघांना न्यायला आली होती. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही करा फोन. हे म्हणाले, “बघितलंयस तू.” मी गाळ्याच्या मागे जिथं टायर ठेवतो तिथं जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते मनात चारपाचदा म्हणून बघितलं. तिनं फोन उचलल्यावर सगळं विसरले.

“ताई, बाबांना गाडी चालवू देऊ नका,” एवढंच म्हटलं.

“काय झालं? ॲक्सिडेंट झाला का?”

“नाही. अजून नाही.”

तिनं कुणाला तरी इंग्रजीत थांबायला सांगितलं, दार लागल्याचा आवाज आला. मग म्हणाली, नीट सांगा मावशी. मी सांगितलं. काकूंचं ‘अहो’ही सांगितलं. ती रडत होती की काय कळलं नाही. म्हणाली, “आई मला म्हणायची, त्यांचं ड्रायव्हिंग अजून फर्स्ट क्लास आहे.” आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात ती तिघं आमच्याकडे आली. गाडी मधुरानं चालवत आणली, मोडीत द्यायला हे घेऊन जाणार होते. काका मागच्या सीटवर बसले होते. त्यांच्याच गाडीत मागे बसलेलं मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. दाढी केलेली होती. उतरून माझ्याकडे आले आणि ह्यांच्यासमोर म्हणाले, “वा. बल्ब बदलणाऱ्या बाईनं माझं लायसन्स काढून घेतलं. चाळीस वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या गाडीवर, विचारा तुमच्या नवऱ्याला.” ते खरं होतं. गाडीवर एक ओरखडा नव्हता. मी खाली बघत उभी राहिले. मधुरा म्हणाली, “बाबा, प्लीज.” ते तिला म्हणाले, “तू प्लीज म्हणू नकोस, तू ऑफिसला जा.” मग त्यांनी डिकी उघडली, आतली छत्री आणि काकूंची उशी काढून घेतली आणि डिकी हळूच दाबून लावली. आपटली असती तर मला बरं वाटलं असतं.

काकू स्टुलावर बसल्या होत्या. मी जवळ गेले. चहा करू का, विचारलं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

“तू बरोबर केलंस,” त्या म्हणाल्या. “मलाच करायला हवं होतं, माझ्यानं झालं नसतं. माझा राग नाही तुझ्यावर. पण सुनंदा, आता मला तुझ्याशी बोलता येणार नाही. घरी ह्यांच्या बाजूला मी एकटीच आहे.”

मी म्हटलं, “हो काकू.”

माझ्याकडे त्यांचा एक दिवाळी अंक होता. आणून दिला. त्यांनी या वेळी विचारलं नाही, कुठली गोष्ट आवडली.

त्यानंतर आमच्याकडे तशा गाड्या कमी होत गेल्या. नव्या गाड्यांना मागे एलईडीची पट्टी असते, ती उडतच नाही, आणि उडाली तर अख्खा दिवाच बदलावा लागतो. माझ्या हाताला काम राहिलं नाही. ह्यांनी अर्धा गाळा टायरवाल्याला दिला. मी डबा पोचवून दुपारी परत यायला लागले. मंडळाच्या अंकासाठी कामाचे अनुभव मागवलेत म्हणे. मी हे वहीत लिहिते आहे, पाठवणार नाही. बर्वे मंडळी अंक वाचतात.

काकू मुलीकडे गेल्या नाहीत, एवढं झालं. मधुरानं बाबांना सेंटरमध्ये बसवायचं तूर्त थांबवलं आणि डायलिसिसला न्यायला कायमची टॅक्सी ठरवली. ती ह्यांनीच गाठून दिली. आमच्या ब्लॉकमध्ये राहणारा लिम नावाचा टॅक्सीवाला आहे, शांत माणूस. काका पहिल्या दिवशी बसायलाच तयार नव्हते, नंतर बसायला लागले, असं त्याच्याकडून समजलं. तो लिफ्टमध्ये भेटला की मी विचारायची नाही. तोच सांगायचा.

परवा भेटला. तो म्हणाला, तुमच्या अंकलचा पाय सारखा चालू असतो. मागे बसतात, आणि सिग्नल आला की त्यांचा पाय खाली दाबला जातो. कधी मी ब्रेक दाबायच्या आधीच. कुणी सांगत नाही, तरी दाबतात. मला हसू येतं, पण मी हसत नाही.

मी विचारलं, आंटी काही बोलतात का.

नाही, तो म्हणाला. आंटी झोपतात. येताना तर झोपतातच, हल्ली जातानाही. बसल्या की डोकं अंकलच्या खांद्यावर, आणि झोप. सेंटर आलं की मलाच हाक मारून उठवावं लागतं. अंकल उठवत नाहीत, उठवू देतही नाहीत, म्हणतात, टू मिनिट्स, टू मिनिट्स.

लिफ्ट त्याच्या मजल्यावर थांबली. दार हातानं धरून त्यानं विचारलं, काही निरोप आहे का आंटीसाठी.

पुष्कळ होतं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्याला म्हटलं, गाडी हळू चालव.

“माय टॅक्सी ऑल्वेज स्लो, लाह,” तो म्हणाला आणि उतरला.